आईचा व्यवसाय

माय, तुला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. तुला अक्षरओळख नव्हती. गावाहून आलेले कार्डही मीच वाचून दाखवायची. शिवाय ही माझी पुस्तकी भाषा. ती ऐकून, मास्तरीण आली म्हणून तू हसली असतीस, "मास्तरीन उनी वं!" पण तुला जाऊन नऊ वर्षे झाली, आणि तुझ्याविषयी मी आज एक अर्ज केला आहे, तुझ्या परवानगीवाचून.

सुरतेतल्या भेस्तानच्या खोलीतली दुपार. तू दारापाशी उजेडात बसली आहेस, मांडीवर साडी उलटी पसरलेली, आणि भरतकामाच्या पाठीमागे लोंबणारे धागे छोट्या कटरने कापते आहेस. तर्जनीवर बारीक चिरा. चूल, पाणी, आम्ही भावंडे, आणि मधल्या प्रत्येक फटीत व्यापाऱ्याकडून आलेल्या पोटल्यातली, त्या गाठोड्यातली, पुढची साडी. साड्यांच्या खोक्यांतून उरलेल्या चकचकीत चित्रांच्या कागदांची तू माझ्या पुस्तकांना कव्हरे घालायचीस. मी ती उलटी करून, कोरी बाजू वर ठेवून शाळेत न्यायची. तुला ते दिसत असणारच.

पाचवीच्या प्रवेशाच्या दिवशी कारकुनांनी विचारले, "वडील काय करतात?" मी म्हटले, "लूमवर आहेत." "आणि आई?" माझ्या मागे बँकेतल्या साहेबांची मुलगी उभी होती, तिच्या आईच्या पदराला कडक इस्त्री. मी म्हटले, "काही नाही. घरीच असते." तू माझ्या शेजारीच होतीस. घरी आल्यावर परात माझ्यापुढे सरकवलीस. "तुनी माय काहीच करत नही ना? मंग आज भाकरी तूच टाक." भाकरी तव्यावर पडण्याआधीच फाटली, आपण दोघी हसलो, आणि मला वाटले, विषय संपला. पण त्यानंतर शाळेत निकालाला येताना तू दोन्ही हात पदराखाली धरून उभी राहायचीस. माझा पहिला नंबर आला तेव्हा बाईंनी पेढा पुढे केला, तोही तू पदरातच घेतलास.

यंदा, माझे एम.ए. झाल्यावर, बाहेरगावच्या एका विद्यापीठाने स्त्रियांविषयीच्या संशोधनासाठी शिष्यवृत्ती जाहीर केली. ती मिळाली नाही तर माझे शिक्षण येथेच थांबेल. जुन्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण, असा विषय घेऊन मी आमच्या गुजराती प्राध्यापिकाबाईंकडे गेले. त्यांनी वाचून चष्मा काढला. "सारुं छे. पण बेन, तमारा घरमां कोण काम करे?"

"पप्पा. मम्मी तो घरे ज हती."

"घरे शुं करतां?"

तू घरी काय करायचीस ते मी सांगू लागले, आणि शब्द थांबेनात: कटर, पोटले, चिरा, पदर. बाई जवळजवळ रागावल्याच. "तो ए लखो ने! आ शहेरनी साडी जेना हाथमांथी नीकळे छे, एना पर कोण लखशे?"

त्यांनी तेच लिहा म्हटले, म्हणून विषय बदलला: घरी बसून साडीकाम करणाऱ्या स्त्रिया. आपल्याच गल्लीतल्या मावश्यांच्या दारात बसून मी टिपणे घेतली. त्यांनीही आधी मला हेच सांगितले, आम्ही कुठे काय करतो! अर्जाची सगळी पाने भरली. एक रकाना मात्र आज पोस्टाच्या रांगेत उभी राहीपर्यंत कोरा होता, आईचा व्यवसाय. तेथे मी लिहिले, 'धागा कटिंग कामगार, दिवंगत'.

निवड होईल की नाही, ठाऊक नाही. हे पत्र कोठेच जाणार नाही. तुझ्या हातच्या एका जुन्या कव्हरात ते ठेवून देईन. एवढेच सांगायचे राहिले, माय: तो रकाना भरण्यापूर्वी मी एकदा मागे वळून पाहिले, रांगेत ओळखीचे कोणी नाही ना.

अर्ज पोस्टात दिला: सोमवार, १४ जुलै १९९७, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे.