मिरचीच्या रोपांचा सामू सात आल्याबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
माती, पाणी व रोपे तपासणी कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

विषय : कोकोपीटमध्ये वाढवलेल्या मिरचीच्या रोपांच्या अहवालावरील शेवटचे वाक्य रद्द करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपला अहवाल, शेरा "सामू ७.०".
२) अर्जदाराची तीन स्मरणपत्रे. उत्तर अप्राप्त.

महोदय,

१. सदर अर्जदार हा आपल्याच कार्यालयातून चार वर्षांपूर्वी प्रयोगशाळा सहायक म्हणून निवृत्त झाला आहे. सबब आपण अर्जाचा कोणता भाग वाचता व कोणता न वाचता बाजूस सारता, याची त्यास पुरेपूर कल्पना आहे. तरीही तो सविस्तर लिहीत आहे, कारण आता त्याच्या हाती तेवढेच उरले आहे.

२. अर्जदाराच्या पत्नीकडे तिच्या आईपासून चालत आलेले मिरचीचे बी होते. ही मिरची बुटकी, वर तोंड करून लागणारी आणि तिखटपणात थेट अर्जदाराच्या सासूबाईंवर गेलेली. हे बी बाजारात मिळत नाही. गेल्या वर्षी झाडे रोगाने गेली आणि डबीच्या तळाशी मोजून दोनशे दहा बिया राहिल्या. पत्नीचे म्हणणे असे पडले की, "निम्मं बी राहू दे डबीत. सगळं एकदम पणाला लावू नये." अर्जदाराने त्यावर आपला प्रयोगशाळेतील एकोणीस वर्षांचा अनुभव मध्ये आणला. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यात मातीतले रोग नसतात, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही, असे त्याने तिला बजावले व सर्व बी ट्रेमध्ये पेरायला लावले. एकशे चौऱ्याऐंशी रोपे उगवली. त्या दिवशी अर्जदाराची कॉलर जरा ताठच होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

३. रोजचे पाणी पत्नी घालीत असे. अठराव्या दिवशी तिनेच प्रथम दाखवले की कोवळी पाने पिवळी पडत असून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या आहेत. हे लोह न मिळाल्याचे लक्षण होय. कोकोपीटचा सामू, म्हणजे आम्लता-क्षारता दाखवणारा आकडा, वर चढला की आत लोह असूनही रोपास ते घेता येत नाही. ताट वाढलेले असावे आणि तोंड उघडू नये, तसे. बोअरच्या पाण्याने बादलीच्या कडेला पांढरा थर धरत होता. म्हणून अर्जदारास सामूचा संशय आला व त्याने नमुना आपल्याकडे पाठवला. आपल्या फॉर्मवर माती, पाणी व पान एवढेच रकाने आहेत. कोकोपीट कशातच बसेना, तेव्हा खिडकीवरील सहायकांनी मातीवर खूण केली. अहवाल आला, तो असा : सामू ७.०. खाली जांभळ्या शाईचा शिक्का : "सामू योग्य. दोष निगेत आहे."

४. वास्तविक सात हा आकडा मातीला शोभतो. कोकोपीटला सहाच्या आसपास लागतो. हे अर्जदारास ठाऊक होते. परंतु योग्य म्हणून शिक्का आहे त्या अर्थी खतच कमी पडत असावे, असे मानून त्याने खत दुप्पट करावयास सांगितले. क्षार साचले, पानांच्या कडा करपल्या. मग ट्रे त्याच बोअरच्या पाण्याने धुवायला सांगितले, तेव्हा पिवळेपणा आणखी वाढला. रोगापेक्षा औषध जालीम म्हणतात, ते अर्जदाराने घरच्या घरी सिद्ध केले. एकशे चौऱ्याऐंशीपैकी अकरा रोपे उरली. प्रत्येक उपाय अर्जदाराने सुचवला; हात मात्र पत्नीचा होता.

५. अखेर जवळच्या शाळेतून सामू मोजण्याच्या कागदी पट्ट्या मागून आणल्या. ट्रेखाली गळलेल्या पाण्यात पट्टी बुडवता रंग आठाच्या पुढचा आला. यावर अर्जदार एका पिशवीत लिंबू व एका बाटलीत चुन्याची निवळी घेऊन आपल्या कार्यालयात हजर झाला. सहायकांनी सामू मोजण्याच्या यंत्राचे टोक लिंबाच्या रसात धरले : सात. निवळीत धरले : सात. नुसतेच हवेत धरले : सात. सहायक म्हणाले, "काका, मशीन एकदम स्थिर आहे. मी आल्यापासून आकडा हलला नाही." त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती. शेजारी यंत्र पडताळून पाहण्याच्या प्रमाण-द्रावणाची एकच बाटली होती आणि तीही सातची. दुसऱ्या दिवशी आपल्या कार्यालयाकडून अर्जदारास पत्र आले की, लिंबू हा नमुना कोणत्या रकान्यात मोडतो, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा. अर्जदाराने तो केला आहे. फळ.

६. आता जे लिहावयाचे ते आधीच्या तीन स्मरणपत्रांत लिहिण्याचे धैर्य झाले नव्हते. लिंबाच्या दिवशी अर्जदार खाली वाकला असता, टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली त्यास यंत्राचे माहितीपत्रक घडी करून घातलेले आढळले. घडी त्यानेच, यंत्र आले त्या आठवड्यात, घातली होती. पत्रकात लिहिले आहे की टोकाची काच सदैव ओली ठेवावी, वाळल्यास यंत्र निकामी होते. अर्जदार मात्र रोज संध्याकाळी ते टोक स्वच्छ फडक्याने पुसून, कोरडे करून, कापसाच्या डबीत ठेवीत असे. टापटिपीबद्दल त्याची वाखाणणी होत असे. जाताना त्याने हीच रीत सहायकांना शिकवली. यंत्र केव्हा मेले ते सांगता येत नाही. त्याने वाचलेल्या किती आकड्यांत जीव होता, तेही सांगता येत नाही.

शिक्काही त्याचाच. रोज तेच वाक्य लिहून हात दुखे, म्हणून त्याने तो बनवून घेतला. खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या माणसांना तो कागद सरकवीत असे आणि पुढच्याला हाक मारीत असे. ती माणसे घरी जाऊन एकमेकांना काय बोलली असतील, याचा विचार त्याच्या मनाला कधी शिवला नाही. आता तो विचार त्याला सोडत नाही.

७. हा अर्ज लिहावयास घेतला तेव्हा अकरा रोपे होती. मधल्या चार दिवसांत पाण्यात आम्ल मिसळून सामू उतरवला, लोह दिले; परंतु शेंडे आधीच जळाले होते. आज सकाळी शेवटचे रोप गेले. बी संपले. डबीत काही नाही.

८. पत्नी रडली नाही. तिने ट्रे घासून उन्हात लावले आणि म्हणाली, "माझ्या हातालाच गुण नाही. आईनं इतकी वर्षं जपलं, मी घालवलं." अर्जदाराने तिला यंत्राचे, फडक्याचे, कापसाचे, सगळे सांगितले. तिचे उत्तर : "तुम्ही माझी समजूत काढताय. कागदावर सरकारी शिक्का आहे, तो काय खोटा बोलतो?" सदतीस वर्षांच्या संसारात तिने अर्जदाराच्या कार्यालयावर विश्वास ठेवला तो अर्जदारामुळेच. आता त्याच कार्यालयापुढे अर्जदाराचा शब्द चालेनासा झाला आहे.

९. तरी विनंती की, अर्जदारास नवे यंत्र, नुकसानभरपाई वा चौकशी यांपैकी काही नको. फक्त त्याच अहवालावर, त्याच जांभळ्या शाईत, "दोष निगेत नाही" एवढे तीन शब्द उमटवून द्यावेत. अहवाल दुरुस्त करण्यासाठी जिवंत रोपाचा नवा नमुना लागतो, हा नियम अर्जदारास पाठ आहे. तसा नमुना तो देऊ शकत नाही. हा अर्ज दप्तरी दाखल होईल हेही तो जाणतो, कारण असे अर्ज त्याने स्वतःच्या हाताने दाखल केले आहेत.

म्हणून शेवटचे एवढेच. उत्तर देणार नसाल तर निदान पाकीट घरी टपालाने परत पाठवू नये. ते ती उघडेल.

आपल्याच खिडकीमागचा एकेकाळचा,
(सही)
निवृत्त प्रयोगशाळा सहायक
दिनांक : २१ फेब्रुवारी

सोबत : १) मूळ अहवाल, शिक्क्यासह.
२) शाळेची सामूपट्टी, वाळलेली.
३) यंत्राचे माहितीपत्रक. टेबल डुगडुगत असल्यास क्षमस्व.