बाईसाहेबांवर दहा दिवस पाळत

सोमवार, ४ मार्च. सकाळी ९.
बाईसाहेबांनी ओरखडलं. मला! तीन वर्षं माझ्या बशीतलं दूध पिणाऱ्या मांजरीने! कारण काय, तर बेतलेल्या कापडावरून उचलून खाली ठेवलं. डावं मनगट. टेपने मोजलं, दीड इंच आणि वर एक सूत. रक्त दोन-तीन थेंब. चिंधीने पुसलं. बायकोला सांगायचं नाही, ती मांजरीला हाकलेल. शर्टाची बाही लांब आहे, काळजी नाही.

सायंकाळी ५.
गल्लीतल्या दवाखान्याच्या कंपाउंडरला विचारलं. एका मित्रासाठी म्हणून. म्हणाला, काका, मित्राला सांगा, साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धुवा आणि आजच इंजेक्शन सुरू करा. रेबीज एकदा उठला की औषध नाही. मांजरीवर दहा दिवस नजर ठेवायची, पण त्यासाठी इंजेक्शन थांबवायचं नाही.
यातलं नजर ठेवायचं तेवढं पटलं. धुतलंही. चार मिनिटांत बायको ओरडली, टाकी रिकामी करताय का?

मंगळवार, ५.
पाळत सुरू. मांजर दूध प्यायली. जांभई दिली. पश्चात्ताप नाही.
या रोगात माणूस पाण्याला घाबरतो म्हणे. म्हणून दर तासाला एक पेला पिऊन स्वतःला तपासायचं ठरवलं. पहिल्या पेल्याला भीती वाटली नाही. पास.

गुरुवार, ७.
काल चौदा पेले. संडासाच्या अकरा फेऱ्या. बायको म्हणते, साखर वाढली असणार. म्हटलं, उकाडा आहे. म्हणाली, उकाडा काय एकट्या तुम्हालाच?
मांजर सकाळपासून बेपत्ता. पाळत ठेवू कोणावर? ती गेली असेल तर मीही गेलो.

शुक्रवार, ८.
गल्लीच्या टोकापर्यंत चार फेऱ्या. बाईसाहेब, बाईसाहेब, अशा हाका मारल्या. एक बाई थांबल्या. म्हणाल्या, वयाची तरी लाज बाळगा.
उद्या इंजेक्शन. नक्की.

शनिवार, ९.
दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो. आत कोणीतरी 'आई गं' म्हणालं. परत आलो.
वाटेत मागच्या इमारतीत मास्तरीणबाईंच्या गॅलरीत मांजर दिसली. उशीवर! तिथे तिचं नाव छबी. मास्तरीणबाई म्हणाल्या, ही आमचीच, सकाळी जरा फिरायला जाते. फिरायला! माझं तीन वर्षांचं दूध म्हणजे हिचं फिरणं!
असो. मांजर धडधाकट, म्हणजे मीही धडधाकट. इंजेक्शन रद्द.

रविवार, १०.
कंपाउंडरने दगा दिला. बायको माझ्या साखरेचं विचारायला गेली, तर याने विचारलं, काकांच्या त्या मित्राने इंजेक्शन घेतलं का? ती घरी आली आणि थेट माझी बाही वर केली. मग म्हणाली, चाळीस वर्षं तुम्ही शिंकलात तरी मी उठून बसते. आणि मला सांगावंसं वाटलं नाही? मांजर जास्त झाली?
मी म्हटलं, मांजरीचं नाही गं. बेचाळीस वर्षं सुई माझ्या हातात होती, पण टोक कायम कापडाकडे असायचं. वाटलं, हसेल. रडली.

सोमवार, ११ मार्च. सकाळी ११.
डॉक्टर फार बोलले. मांजर धड दिसते म्हणून सात दिवस घालवलेत? उशिरा का होईना, आता चुकवू नका. एक दंडात, एक जखमेभोवती. अजून तीनदा यायचंय. मी ओरडलो नाही. म्हणजे एकदाच.
बाहेर बाकावर मास्तरीणबाई बसलेल्या. कोपरापर्यंत तीन ओरखडे. गेल्या सोमवारचेच. दुपारी छबीला उशीवरून उठवलं म्हणून. त्यांनी लगेच धुतलं, त्याच दिवशी इंजेक्शन घेतलं. आज तिसरं. बायको त्यांच्या हाताकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली.
आठवडाभर वाटत होतं, निदान ओरखडा तरी माझ्या एकट्यासाठी होता.