पेन्सिलची फुली

क्रेगीबर्न, मेलबर्न
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

प्रिय शेरिलताई,

जय येशू. तू आणि भाऊजी बरे असाल. इथे थंडी हाडात शिरली आहे, थॉमसचा गुडघा कुरकुरतो आणि कॅसँड्रा युनिच्या अभ्यासाच्या नावाखाली दिवसभर हीटर चालू ठेवते. पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर तू मधेच बोलतेस आणि मी हसून वेळ मारून नेते. ते यावेळी नको.

विनिताचं काय झालं, असं विचारलं होतंस. मागच्या गल्लीतली, नाशिकची, फार्मसीवाली, माझी इथली पहिली मैत्रीण. तिला मिळालेली उमेदवारी पक्षाने रोखून धरली आहे.

तुझं लंडनच्या कडेचं उपनगर कसं बदललं ते तू मला इतक्यांदा ऐकवलं आहेस की मला तिथे मत देता येईल! आधी टाय लावून हिरवळ कापणाऱ्यांचं, वर्षानुवर्षं एकाच पक्षाचं. मग कोपऱ्यावरची दुकानं गुजरात्यांची झाली, तमिळ शेजारी आले, मतदारसंघाची हद्द दोनदा हलली आणि एका निवडणुकीत ती हक्काची जागा पडली. आमचंही तसंच, फक्त घाईत. मेंढ्यांच्या कुरणांवर कारखान्यातली इटालियन आणि तुर्की कुटुंबं आली, त्यांच्या मागून आपण. पक्ष मात्र बदलला नाही. त्यामुळे खरी निवडणूक पक्षाच्या शाखेतच होते. शाखेचे सभासद मत देऊन उमेदवार ठरवतात, आणि तो ठरला की खासदार ठरला. विनिताने शाखेचा सेक्रेटरी ट्रेव्हर याच्या माणसाला नऊ मतांनी हरवलं. आठवड्याभरात तक्रार आली: एकतीस मराठी सभासदांना आपण सभासद आहोत हेच ठाऊक नाही.

मला पहिला संशय ट्रेव्हरचा आला. मीटिंगनंतर सगळ्यांच्या कपबशा स्वतः विसळणारा माणूस मला कधीच सरळ वाटला नाही. कागदांत त्यानेच काही घुसवलं असेल.

मग विनिताचा आला. सांगायला लाज वाटते. सभासदत्वाच्या कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा तिच्या ओट्यावर मी स्वतः पाहिला होता. 'तुला काय वाटतं, कोणी केलं असेल?' असं तिने मला विचारलं आणि जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राहिली. वाटलं, ही माझी परीक्षा घेते आहे. त्या दिवसापासून मी मागच्या गल्लीतून जायचंच सोडलं.

चौकशी समितीने मला ईमेल केला. तुम्ही समाजातल्या सगळ्यांना ओळखता, सह्या ओळखायला मदत करा. सोबत एकतीस फॉर्मांच्या प्रती. तुला माहीत आहे, इथे सगळ्यांचे फॉर्म मी भरते. व्हिसा, मेडिकेअर, पेन्शन. सही करायची तिथे मी पेन्सिलने बारीक फुली करते. माणसं फुली बघतात, कागद बघत नाहीत. नंतर मी ती खोडते. निदान खोडायची असते.

प्रती टेबलावर पसरल्या होत्या. कॅसँड्रा चहा घ्यायला आली आणि वाकून बघायला लागली.

"ममा, व्हाय इज युअर लिटल क्रॉस ऑन ऑल दीज?"

"अगं, कुणाचीही असेल."

"नो. इट्स युअर्स," म्हणाली आणि चहा न घेताच गेली.

तो गठ्ठा ओट्यावरून मीच उचलला होता, ताई. 'दे, ओळखीच्यांना विचारते,' म्हटलं. विनिता म्हणाली, 'पण पक्षाचं आहे हे नीट समजावून सांग हं.' मराठी मंडळाच्या पिकनिकला पहिल्या दोघांना समजावलं. त्यातल्या एकाने इतके प्रश्न विचारले की अर्धा तास गेला. मग मी सांगायचंच सोडलं. 'आपल्या कम्युनिटीचं आहे, इथे सही करा.' मतपत्रिका पोस्टाने घरी आल्या, त्याही घेऊन लोक माझ्याकडेच आले. तू तिकडे वीस वर्षं पक्षाच्या प्रचारात दारं वाजवून लोकांशी वाद घातलास, मला ते एका दुपारीत उरकायचं होतं. विनिता जिंकावी असं फार वाटत होतं. मीही इथे काहीतरी घडवलं, हे तुला दाखवायचं होतं, तेही खरं.

विनिता माझ्याकडे बघत राहिली, कारण तिला कळलं होतं. तरी तिने समितीला माझं नाव सांगितलेलं नाही.

काल मुरलीधरकाका आले. पंचाहत्तरीचे, मुलाकडे राहतात, एकतिसांतले एक. "सबीना, समितीचा फोन होता. मी ठोकून दिलं, पोरीने ओळ न् ओळ समजावून सांगितली होती म्हणून. बरोबर बोललो ना? माझ्या व्हिसाला काही होणार नाही ना?"

"बरोबर, काका. नो वरीज," मी म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या माणसाला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं, आणि मी त्यांना दुसऱ्यांदा फसवलं. काल दिवसभर मला स्वतःची किळस येत होती.

गुरुवारी समितीसमोर माझी साक्ष आहे. गप्प बसले तर विनिताला पक्षातून काढतील. बोलले तरी ती मतं रद्द होतील आणि तिची उमेदवारी बहुधा जाईलच, पण फसवणारी म्हणून तिचं नाव राहणार नाही. सगळं खरं दोन पानांत लिहून काढलं आहे. थॉमसने वाचलं आणि चष्मा पुसत बसला.

उद्या आधी काकांकडे जाणार, मग विनिताकडे. ती दार उघडेल की नाही, माहीत नाही. बेल वाजवून उभी राहणार आहे, तू राहायचीस तशी. माझ्यासाठी प्रार्थना कर, पण माझी बाजू घेऊ नकोस.

हे पत्र पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं, समजलं, आणि मगच सही करते आहे.

तुझी
सबीना