छप्पन्न डिग्री, अर्धा तास

३ मार्च, सकाळी ९
तापाची साथ आलीय. लॅबमध्ये नवा नियम: रक्ताची प्रत्येक नळी आधी छप्पन्न डिग्रीवर अर्धा तास तापवायची, म्हणजे व्हायरस मरतो. मगच टेस्ट. हे काम माझ्याकडे. मागच्या खोलीत गरम पाण्याचं मशीन आणि मी. इतरांना आत यायला बंदी. एकाग्रता उत्तम होणार.
संकल्प: तापवल्याने रिपोर्टमध्ये काडीचा फरक पडत नाही, यावर पेपर लिहायचा. तुमचं कशातच काही ठरत नाही, असं म्हणून बायको बहिणीकडे राहायला गेली, त्याला सात महिने झाले. आता ठरलं. पेपर छापून आला की येईलच.

५ मार्च
एकाच माणसाच्या दोन नळ्या हव्यात. एक कच्ची, एक तापवलेली. रिसेप्शनवाली म्हणाली, सुईची भीती वाटते. दहा वर्षं लॅबमध्ये आहे. ड्रायव्हर म्हणाला, उद्या.

६ मार्च
ड्रायव्हर आज रजेवर. स्वतःचंच रक्त काढलं. विज्ञानाला एक माणूस पुरतो.

७ मार्च
शुगर दोन्ही नळ्यांत तंतोतंत! क्रिएटिनिनही! बायकोला फोन केला. मेव्हणीने उचलला. म्हणाली, ती बाहेर गेलीय. मागून तिचं हसणं ऐकू येत होतं. टीव्ही असणार.

१० मार्च
रक्त गोठण्याची टेस्ट. तापवलेली नळी गढूळ झाली, मशीनने हात टेकले. ही टेस्ट पेपरातून वगळली. पेपर सुटसुटीत हवा.

११ मार्च, दुपारी
एएलपी, म्हणजे लिव्हरचं एन्झाइम. तापवलेल्या नळीत ९६. नॉर्मल. कच्चीत ४१०. कच्ची नळी बिघडलेली दिसते.

१२ मार्च
पुन्हा रक्त काढलं. ९४ आणि ४२२. हीही बिघडलेली. नळ्यांची अख्खी पेटीच खराब आलीय. तक्रार करायला हवी. उद्या.

१३ मार्च
अंगाला फार खाज सुटते. साबण बदलला. जेवण जात नाही. एकट्यासाठी स्वयंपाक म्हणजे असंच. बायकोला मेसेज केला: माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल. ‘बरं’ असं उत्तर आलं. ओलावा जाणवला.

१७ मार्च
पेपर मॅडमना दाखवला. त्या आमच्या पॅथॉलॉजिस्ट. त्यांनी आकडे दोनदा पाहिले, मग माझ्या डोळ्यांकडे. म्हणाल्या, अहो, तापवून एन्झाइम मेलं, आजार नाही. कच्ची नळीच खरी बोलतेय. मग स्वतःवरच चिडल्या. नियम त्यांनीच काढला होता, तपासून बघितलाच नव्हता. दोन आठवड्यांत एएलपी केलेले चौतीस पेशंट पुन्हा बोलवायचे आहेत. म्हणाल्या, तुमच्यामुळे कळलं.
पेपरचं शीर्षक बदलावं लागेल. बाकी मजकूर चालेल. थोडा उलटा करायचा.
जाताना त्यांनी विचारलं, घरी कोण असतं? म्हटलं, बायको येतेच आहे.

१९ मार्च, सकाळी ११
हॉस्पिटलमध्ये दाखल. पित्ताच्या नळीत अडथळा आहे म्हणे, उद्या काढतील. फॉर्म भरला. जवळच्या नातेवाइकाचा फोन हवा होता. लॅबच्या मागच्या खोलीचा नंबर दिला. नर्सने लगेच लावून पाहिला. म्हणाली, काका, कोणी उचलत नाही.
म्हटलं, तिथे मीच असतो.