दोघांच्या सहीचं इंजिन

१० जानेवारी

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, होडीचं इंजिन सोडून.

गेल्या आठवड्यात बंदराच्या तोंडाशी ते बंद पडलं. वारा होता, शीड लावून परत आलो, एवढंच. सध्या त्याचं धूड पुढच्या खोलीत फळ्यांवर आहे. बाकीचे अवयव मिस्त्रीने पावाच्या डब्यांत घालून, नंबर टाकून जेवणाच्या टेबलावर मांडलेत. तुझी वहिनी आठ दिवस ताट मांडीवर घेऊन जेवते आहे आणि काही बोलत नाही. हे जास्त काळजीचं.

मिस्त्री म्हणतो, इंजिन म्हातारं आहे, मेलेलं नाही. दोन पिस्टन मिळाले तर अजून वीस वर्षं ओढेल. फक्त ते बनवणारा कारखाना मिस्त्रीच्या जन्माआधीच बंद पडला. मी शोधतो आहे.

बाबांनी मृत्युपत्रात घालून ठेवलेलं तुला आठवतच असेल: होडी दोघांची, दोघांच्या सहीशिवाय तिला खिळासुद्धा ठोकायचा नाही. फोनवर विचारलं असतं, पण तिसऱ्या मिनिटाला आपल्यापैकी कुणीतरी फोन आपटतो. म्हणून सोबत कागद पाठवतो. ‘जुने इंजिन दुरुस्त करावे.’ माझी सही केली आहे, खाली तुझी कर.

माया आहेच, तीत या कागदाने उणं येऊ नये.
तुझा दादा

१९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. पत्र पोचलं. ‘शीड लावून परत आलो, एवढंच’ हे वाक्य दोनदा वाचलं, मग वहिनीला फोन केला. ती म्हणाली, ‘एवढंच’ सहा तास चाललं होतं आणि ती तेवढा वेळ धक्क्यावर उभी होती.

दादा, तू अडुसष्ट वर्षांचा आहेस. एकटा जातोस. ते इंजिन दांडा फिरवून चालू करावं लागतं आणि तुझा उजवा खांदा चहाचा कप उचलतानाही कुरकुरतो. विमा कंपनीत मी तीस वर्षं अशाच माणसांचे अर्ज नाकारत आले. तुझा आला असता तर वरच्या साहेबाला दाखवायलाही नेला नसता.

मी नवीन इंजिन नोंदवून ठेवलं आहे. बटण दाबलं की चालू होतं. एप्रिलअखेर मिळेल. सोबत माझा कागद: ‘नवीन इंजिन बसवावे.’ सही केली आहे. तुझा कागद मी फाडलेला नाही, पण त्यावर सही करण्याचाही विचार नाही.

वहिनीला टेबल मोकळं करून दे. राग धरू नकोस. धरलास तर डाव्या हाताने धर.
तुझी चिंगी

२ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद, जरा कमीच.

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला तू बटण शिकवतेस? माझ्या दुकानात लोक बंद घड्याळ आणायचे तेव्हा मी त्यांना नवीन घ्या म्हणालो असतो तर तुझ्या भाच्यांची शिक्षणं झाली नसती.

इंजिनावरचं लाकडी झाकण काल पुसायला घेतलं. आतल्या बाजूला बाबांच्या हातच्या पेन्सिलीच्या नोंदी आहेत. ‘तेल बदलले. चिंगी ओकली.’ पुढच्या वर्षी पुन्हा: ‘तेल बदलले. चिंगी ओकली.’ अशा अकरा नोंदी आहेत. नवीन इंजिनाला हे झाकण बसणार नाही, मापं वेगळी आहेत. मी मोजलं.

शिडाच्या रंगावरून रुसून तू चार वर्षं इकडे आली नाहीस. एवढ्या लांबून खांद्याचं निदान करू नये. तुझा कागद मीही फाडलेला नाही.

इथला लोभ जुना आहे, पण चालू आहे.
दादा

१६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. अकरा वेळा ओकले हे बाबांनी लिहून ठेवलं असेल असं वाटलं नव्हतं. ते वाचून हसले.

मग मीच पिस्टन शोधायला लागले. इथल्या एका निवृत्त खलाशाकडे आपल्यासारखंच इंजिन होतं. त्याच्या कपाटात दोन कोरे पिस्टन निघाले, मेणकागदात गुंडाळलेले. द्यायच्या आधी त्याने दुपारभर आपल्या इंजिनाची चौकशी केली. धूर कोणत्या रंगाचा, खोकतं का, रात्री कुठे ठेवता. मुलगी देताना लोक इतकं विचारत नाहीत.

तुझ्या कागदावर सही केली. आता त्यावर दोघांच्या सह्या आहेत, म्हणजे बाबांच्या नियमाप्रमाणे निर्णय झाला. नवीन इंजिनाची नोंदणी आज सकाळी रद्द केली. दुकानदाराने ते लगेच यादीतल्या पुढच्या माणसाला दिलं. पिस्टन पार्सलने निघाले आहेत. तू जिंकलास. फार मिरवू नकोस.

माझ्यावरचा लोभ या पार्सलाइतका तरी जड असू दे.
चिंगी

१६ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद, पूर्ण.

एक कबुली. त्या सहा तासांतला पहिला तास मी दांडा फिरवत होतो. मग खांद्याने दगा दिला आणि शीड वर घ्यायलाही तो हात उठेना, ते डाव्या हाताने इंच इंच चढवलं. धक्क्यावर एक ठिपका दिसत होता. तुझी वहिनी होती. घड्याळवाला असून मी तिचे तास कधी मोजले नव्हते, ते तू मोजलेस.

तुझ्या कागदावर सही केली. दोघांच्या सह्या झाल्या, नियम पाळला गेला. जुनं इंजिन भंगारात घालवेना, म्हणून झाकण तेवढं ठेवून घेऊन काल तंत्रशाळेला दिलं. तिथले मास्तर सोमवारी ते उभं कापून मुलांना आतली रचना दाखवणार आहेत. नवीन इंजिन एप्रिलमध्ये येऊ दे. तू जिंकलीस, हे पत्र जपून ठेव. पुन्हा मिळणार नाही.

हरलेल्या माणसावर लोभ जरा जास्त करतात, हे ध्यानात असू दे.
दादा

२७ फेब्रुवारी

प्रिय वन्संना,
नमस्कार. तुमचं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी इंजिन कापून झालं होतं. पिस्टन सुखरूप पोचले, फार सुंदर आहेत, खिडकीत ठेवलेत. नवीन इंजिनासाठी आता यादीच्या शेवटी नंबर लागेल, म्हणजे पुढचं वर्ष, असं दुकानदार म्हणतो. जन्मात पहिल्यांदा तुम्हा भावंडांचं एकमत झालं, तेही एकाच दिवशी, म्हणून आपल्याकडे आता एकही इंजिन नाही. माझं टेबल मात्र मोकळं झालं.

पण यांना करमत नाही. होडीत सासऱ्यांनी बांधून ठेवलेली दोन लांब वल्ही सापडली. एकेका वल्ह्याला दोन्ही हात लागतात. रविवारी हे एकटेच एक वल्हं घेऊन बसले आणि होडी जागच्या जागी गोल फिरत राहिली. बघायला निम्मं बंदर जमलं होतं. मी होडीत पाय ठेवणार नाही हे लग्नातच ठरलंय. तेव्हा दुसऱ्या वल्ह्याला माणूस हवा आहे. हे स्वतः लिहिणार नाहीत. विचारलं तर म्हणतात, वल्ही फक्त पुसून ठेवली आहेत. ती रोज पुसतात.

घरचं दार तुमच्यासाठी उघडंच आहे, एवढं समजून घ्यावं.
तुमची वहिनी

८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि. शनिवारी दुपारी पोचते. दुसरं वल्हं माझं. तुझ्या उजव्या खांद्याला कमी ओढावं लागेल अशी बाजू वहिनीला विचारून ठरव, माझ्याशी वाद घालू नकोस. शिडाचा रंग मला अजूनही आवडलेला नाही.

पुढच्या इंजिनाचं काय ते भर समुद्रात बसून ठरवू. तिथे तिसऱ्या मिनिटाला कुणालाच उठून जाता येत नाही. कागद मी आणते. पेन्सिल तू घे, आणि ते झाकणही. बारावी नोंद करावी लागेल.

लोभ आहे तसाच असू दे, दुरुस्त करायला जाऊ नकोस.
तुझी चिंगी