चौतीस इंच

११ मे
पोचलो एकदाचे! खाली शहरात पंखासुद्धा गरम वारा फेकत होता. इथे गाडीतून पाय बाहेर टाकला तर अंगावरून अशी झुळूक गेली की मला उगाचच हसू आलं. बारा महिने अशीच हवा, असं नणंदबाई कित्येक वर्षं पत्रातून लिहीत होत्या. मला वाटायचं, दुरून डोंगर साजरे. पण खरंच आहे! रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं पांढऱ्या फुलांनी डवरलेली, ऊन कोवळं, आणि सावलीत गेलं तरी शाल लागत नाही.

गाडीवाला मात्र एक नंबरचा हेकट निघाला. गावाच्या तोंडाशी रस्त्यावर चुन्याची पांढरी रेघ आहे, तिच्या अलीकडेच ब्रेक मारला आणि पुढे येत नाही म्हणाला. बोचकी उतरवून असा सुसाट पळाला, जसं काही आम्हीच भुतं. शेवटी माझं शिवणयंत्र हातगाडीवर घालून नवरोबांनी ओढत आणलं. मला बोट लावू दिलं नाही. चार महिने पूर्ण झालेत ना मला! याआधी दोनदा पाचव्या महिन्यात हातचं गेलं. दुधाने तोंड पोळलेली माणसं आम्ही, ताकही फुंकून पितो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला चांगल्या हवेत ठेवा, आणि याने आठ दिवसांत घर, नोकरी, सामान सगळं आवरलं. असा नवरा मिळायला भाग्य लागतं. तोंडावर मी हे कधी कबूल करणार नाही, वहीत लिहायला हरकत नाही.

१७ मे
दोन खोल्या, मागे छोटं अंगण. यंत्र खिडकीखाली मांडलं. शेजारीच नणंदबाईंचं घर. त्यांना सातवा चालू आहे. पोट सांभाळत आल्या आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, आता आपण दोघी बरोबर, मला एकटीला फार कंटाळा आला होता. मी म्हटलं, ताई, पोरं पाठोपाठच्या भावंडांसारखी वाढतील. त्यावर नुसत्या हसल्या.

नवरोबांना टपाल कचेरीत काम मिळालंय. वर्षभर पिच्छा पुरवणारा त्याचा खोकला चार दिवसांत पळाला. मी दर रविवारी स्वतःचं माप घ्यायचं ठरवलंय. आज बेंबीवरून चौतीस इंच. स्वतःसाठी दोन सैल गाऊन शिवले, आणि दोन्हींच्या शिवणीत तीन-तीन बोटं माया सोडली, म्हणजे पोट वाढेल तशी उसवून सैल करता येईल. आईला नेहमी वाटायचं मी घाईघाईत शिवते. आता बघ म्हणावं.

२६ मे
गिऱ्हाईक भरपूर, पण सगळं डागडुजीचं. कॉलर उलटव, कोपर रफू कर, अस्तर बदल. माणसं इतकी गोड की चहा घेऊन येतात आणि वर माझीच विचारपूस करतात. एक गंमत मात्र लक्षात आली. शहरात माझं निम्मं काम म्हणजे पोरांच्या विजारी लांब करून देणं. वीतभर पोरगं सहा महिन्यांत हातभर होतं! इथे असं एकही काम आलेलं नाही.

झाडांना फळंही धरत नाहीत. बहर तेवढा आहे तसाच. फळं खालून येतात. शेजारणीला विचारलं, तर फळांची एवढी काय घाई, म्हणाली. सुईणबाई येऊन पोटाला कान लावून गेल्या. जीव आहे, सुखरूप आहे, म्हणाल्या. बाळ अजून हललेलं नाही. हलेल. माप चौतीस.

७ जून
चौथा रविवार. चौतीस.

टेप ताणली गेली असेल म्हणून पोलादी पट्टीशी ताडून पाहिली. टेप बरोबर आहे. मग सहज हाताकडे लक्ष गेलं. आल्यापासून मी नखं कापलेली नाहीत, आणि कापण्याइतकी वाढलेलीही नाहीत. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, नव्याचे नऊ दिवस संपले वाटतं, आता खोड्या काढायला लागलीस. हसला. पण माझ्याकडे न बघता हसला.

११ जून
नणंदबाईंनी त्यांचा पोटुशीपणाचा गाऊन दुरुस्तीला दिला. काखेत विरलाय, म्हणाल्या. तो उलटा केला आणि हात जागच्या जागी थांबले.

पोटुशीचा कपडा कसा असतो, मला झोपेतून उठवून विचारा. शिवण उसवायची, थोडं सोडायचं, पुन्हा टाका घालायचा. आत जुन्या टाक्यांच्या रेघा दिसतात, पायऱ्या असाव्यात तशा. या गाऊनची शिवण निदान आठ वेळा पुन्हा घातलीय. आठ वेगवेगळे दोरे मी मोजले. आणि आठही एकाच रेषेवर. माया आत तशीच दुमडलेली, चार बोटं, तिचा रंगसुद्धा उडालेला नाही. बाहेरचं कापड मात्र धुऊन धुऊन जाळीसारखं झालंय.

सात महिन्यांत कापड असं विरत नाही.

१२ जून
रात्रभर आठवत होते. सहा वर्षांपूर्वी आमच्या लग्नाला नणंदबाई आल्या नव्हत्या. का, तर सातवा चालू आहे, प्रवास नको. पुढे बाळाचं नाव कुणी काढलं नाही. मला वाटलं, गेलं असेल. अशा गोष्टी विचारायच्या नसतात, म्हणून मी विचारलं नाही. माझी दोन गेली तेव्हा त्यांनीही विचारलं नव्हतं, आणि मला ते बरं वाटलं होतं.

सहा वर्षं!

आज विचारलं. गाऊन समोर ठेवला आणि विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, तुला सांगितलं नाही का त्याने? मग म्हणाल्या, सवय होते गं.

१४ जून
सुईणबाईंना घरात येताच दार लावून घेतलं आणि म्हटलं, खरं सांगितल्याशिवाय सोडणार नाही. सांगितलं त्यांनी. रेघेच्या आत काहीच पुढे सरकत नाही. फूल फळ होत नाही, आजारी मरत नाही, पोटातलं बाहेर येत नाही. आणि रेघ ओलांडली की अडवून धरलेले सगळे दिवस तासाभरात अंगावर येतात. औषधवाल्याची बायको अकरा वर्षांनी गेली होती. तिचं काय झालं, ते मी इथे लिहिणार नाही.

माझे पाचच आठवडे अडलेत. जायचं तर लगेच जा, म्हणाल्या, रोज उशीर म्हणजे रोज भार. आणि एकटी जाऊ नकोस. पहिल्या वळणापर्यंतही उभं राहवणार नाही. दवाखाना खाली तासाभराच्या वाटेवर आहे, धरून नेणारं माणूस हवं. कळ आली की वेळ लिहून ठेव, डॉक्टरला उपयोग होईल. त्या स्वतः येणार नाहीत. वय विचारलं तर लाजल्या.

सगळ्या गल्लीला माहीत होतं. चहा आणून देत होते मला! अळीमिळी गुपचिळी, आणि मी येडी सगळ्यांच्या कॉलरी उलटवत बसले.

१५ जून
नवऱ्याने नाकारलं नाही. म्हणाला, दोनदा तुझं काय झालं ते मी पाहिलंय, तिसऱ्यांदा बघवलं नसतं. इथे ते आहे तिथेच आहे, सुखरूप आहे, कुठे जाणार नाही.

येणारही नाही, मी ओरडले.

मग तो खाली बसला आणि उरलेलं सांगितलं. खोकला साधा नव्हता. डॉक्टरांनी त्याला पावसाळ्यापर्यंतची मुदत दिली होती. बहिणीने कळवलं, बायकोला घेऊन ये, तूही वाचशील. म्हणजे बाळासाठी नव्हे. माझ्यासाठी नव्हे. पोटात एक आणि ओठात एक, आणि मी त्याला भाग्य म्हणून वहीत लिहून ठेवलं!

रडला. मीही रडले. सहा वर्षांचा संसार आहे, नुसता राग कसा येईल? मी म्हटलं, तू राहा इथे. माझी सोय मी बघते.

१७ जून
सोय झाली होती. खिडक्या दुरुस्त करायला खालून एक सुतार आलाय, आठवडाच झालाय त्याला. रेघ ओलांडली तर त्याचे फार तर आठ दिवस अंगावर येतील. मी विचारलं, तो लगेच हो म्हणाला. माझी बहीण असती तर नेलंच असतं, म्हणाला.

नवऱ्याने त्याला परत पाठवलं. माझी बायको आहे, मीच नेणार, म्हणाला. मी नको म्हटलं, हात जोडले. त्याने माझ्या पोटावर हात ठेवून शपथ घेतली, दवाखान्याच्या दारापर्यंत पोचवीन, मग माझं जे व्हायचं ते होवो.

माझा विश्वास बसला.

१९ जून
आज नाही. त्याला कचेरीतून सुटी नाही.

सुतार काम संपवून गेला.

२१ जून
आज नाही. नणंदबाईंना बरं नाही म्हणे. इथे कुणाला बरं नसतं असं होत नाही, हे मी त्याला सांगितलं.

चौतीस.

२३ जून
उद्या सकाळी. नाही आला तर एकटी. त्याला तसं स्पष्ट सांगितलंय. येतो म्हणाला. पुन्हा शपथ.

२४ जून
१०.४० — निघालो. माझी पिशवी त्याच्या खांद्यावर. वाटेत त्याने हात सोडला नाही.

११.१० — रेघ. तो म्हणाला, तू आधी. मी ओलांडली.

११.१४ — पहिली कळ. कमरेतून. इथे हवा गरम आहे. मागे वळून पाहिलं. तो आत उभा. चपलेचं टोक चुन्याला टेकलेलं. म्हटलं, ये. म्हणाला, येतो, एक मिनिट.

११.२१ — कळ. गाऊन ताणला गेलाय. कडेचा टाका तुटला. पोट हाताखाली वाढतंय, मला कळतंय ते—

११.२६ — बसले. उभं राहवत नाही. तो दहा पावलांवर. पिशवी अजून त्याच्याच खांद्यावर.

मरणाला भ्याला असता तर मी समजून घेतलं असतं. नको म्हटलंच होतं की मी. मग सुताराला का हाकललंस? शपथ का—

११.३१ — हाका मारतोय. परत ये म्हणतोय. रेघेच्या आत आलीस की थांबेल, चल, दहाच पावलं आहेत, बघितलंस ना आता, घरी जाऊ. आवाज अगदी शांत. घाबरलेला नाही.

हेच ठरवून आला होता. मला बाहेर काढायचं, कळ येऊ द्यायची. मी भिऊन आपणच परत येईन. पुन्हा कधी नाव काढणार नाही. केसाने गळा कापला याने माझा—

११.३५ — मोठी कळ.

हललं. आत. बाळ हललं. पायाने मारलं मला. आहे. जिवंत आहे—

११.३८ — नणंदबाईही आल्यात. दोघं शेजारी उभे. चुन्याच्या आत. दोघांनी हात पुढे केलेत. ये गं, म्हणतात. ये.

११.४० — उतार आहे. बसून बसून सरकता येईल. पहिल्या वळणाशी कुणी दिसलं तर— तो ओरडतोय आता. मी मागे बघणार नाही. कळ थांबली की लगेच, खालच्या बाजूला, आधी डावा पाय, मग—