देव्हाऱ्यातलं गहाणखत

५ फेब्रुवारी १९७३
आज अण्णांचं गहाणखत आमच्याच कचेरीत नोंदलं! आकाराम अण्णांचा जुना विद्यार्थी. त्याला लेथ मशीन घ्यायला अण्णांनी मास्तरकीचा सगळा फंड दिला; तारण त्याचं मंगळवार पेठेतलं घर. साहेब म्हणाले, "प्रमोदिनीबाई, वडिलांचा दस्त आहे, पुस्तकात नक्कल तुम्हीच उतरवा." माझ्या अक्षराचं वळण अण्णांचंच — पाटीवर गिरवून घेतलेलं. त्या अक्षरावरच तर नोकरी लागली. "घरावर पहिला हक्क आपला," मी सांगितलं. अण्णा नुसते हसले.

१४ फेब्रुवारी
सात नकला. बोटं शाईनं निळी. मजेत आहे.

१९ मार्च
कोडोलीहून बयाबाई आल्या, आकारामच्या आत्या. पदराखालून गहाणखत काढलं — कोपरा उंदरानं कुरतडलेला. "एवढं चिकटवून द्या की, बाई." पाहते तर तेच घर, तेच लेथ मशीन! यांनी दोन म्हशी विकून पैसे दिलेले. सही वीस नोव्हेंबरची, नोंदणीच नाही. का, तर "सहीच्या वक्ताला एका शाण्या माणसानं सांगितलं, लक्ष्मीचा कागद हाय, देव्हाऱ्यात ठेवा, पाच म्हैनं हलवू नगा."

नोंदणीची मुदत चार महिने. उद्या संपते! आज नोंदवलं तर सहीची तारीख धरणार — म्हणजे बयाबाई पहिल्या, अण्णा मागे. डिंकाची बाटली हाताशीच होती. कोपरा चिकटवून त्यांना परत पाठवलं असतं तर कुणाला कळलं असतं?

पुढचं पान न उलटताच दस्त साहेबांपुढे ठेवला. शिपाई केरबाला सायकलवर आकारामकडे पिटाळलं. तो मान खाली घालून आला, सही कबूल केली. बयाबाईंनी सगळ्यांदेखत त्याला झाडला — "आत्तीला फसवतोस व्हय रं?" दस्त नोंदला गेला.

२० मार्च
अण्णांना सांगितलं. वाटलं, रागावतील. "उंदरानं?" एवढंच विचारलं. नीट जेवले नाहीत. त्यांच्यासाठी जीव तुटतो, पण केलं ते बरोबरच केलं. झोप छान लागली.

२२ मार्च
बयाबाईंच्या दस्ताची नक्कल करायला घेतली. शेवटच्या पानावर दुसऱ्या साक्षीदाराची सही. वळण माझ्याच अक्षराचं; नाव वाचायची गरज पडली नाही. तो शहाणा माणूस कोण, तेही कळलं.

अंबादास यज्ञेश्वर भिलवडीकर. पुस्तकात उतरवलं — त्यांच्याच वळणात.